बाटलीवरची शिफा

रमजान सुरू झाला की अस्रच्या नमाजनंतर मोहल्ल्यांचे रूप पालटते. सोलापूरची विजापूर वेस असो, मिरज असो की मालेगाव, दुपार कलली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजूर, टरबूज, पपई, समोसे आणि भज्यांच्या गाड्या लागतात. रोजा सोडण्यासाठी घेणारे असतात, तसे नुसते चवीसाठी येणारेही असतात. गिऱ्हाइकांत सगळ्याच धर्मांची माणसे दिसतात. अलीकडे या गाड्यांच्या शेजारी एक वेगळे टेबलही दिसू लागले आहे. त्यावर फळे नसतात, रसाच्या उंच बाटल्या असतात. नोनीचा रस, डाळिंबाचा अर्क, अंजीर आणि जैतुनाचे मिश्रण, आले-लसूण-लिंबू-सिरका-मध एकत्र करून केलेले ‘हृदयाचे टॉनिक’. शेजारच्या गाडीवर घरभर पुरेल एवढे टरबूज मिळते, त्याच्या कितीतरी पट पैसे एका बाटलीला मोजावे लागतात. सोबत एक पत्रक मिळते. त्यावर मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, मूतखडा, हृदयातले ब्लॉकेज आणि शेवटी कर्करोग अशी यादी असते. सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक शब्द असतो : शिफा. म्हणजे आजारातून बरे होणे.

फळाबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. रसही चवीला चांगला असतो. तक्रार आहे ती पत्रकाबद्दल, कारण बाटलीची वाढीव किंमत त्या पत्रकाचीच असते.

हे पत्रक कोणाच्या हातात पडते, तेही पाहिले पाहिजे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातले अनेक जण रोजे ठेवतात. रोजा म्हणजे तेरा-चौदा तास अन्न नाही, पाणी नाही आणि तोंडाने घ्यायची गोळीही नाही. म्हणून मधुमेह्याने रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची किंवा इन्सुलिनची वेळ आणि मात्रा बदलून घ्यायची असते. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी सांगते, ‘गोळ्यांची कटकट सोडा, इफ्तारला दोन झाकणे घ्या, सहरीला दोन झाकणे घ्या.’ एखादे घर त्यावर विश्वास ठेवते. मग ईदच्या खरेदीऐवजी दवाखान्याची फेरी होते. आठशे-हजार रुपये वाया गेले तर फार मोठे नुकसान नव्हे. गोळी बंद झाली, तर ते नुकसान भरून येत नाही.

या व्यापाराला धर्म नसतो, पण गिऱ्हाइकाचा धर्म त्याला बरोबर कळतो. मोहल्ल्यात ज्या मालावर ‘तिब्ब-ए-नबवी’ म्हणजे पैगंबरी उपचार असे छापतात, तसाच माल दोन चौक पलीकडे ‘ऋषिमुनींचे ज्ञान’ म्हणून विकला जातो. आत तोच रस, वर वेगळे लेबल. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याच्यासमोर तीच जामीन म्हणून उभी केली जाते. गिऱ्हाईक शंका घ्यायला कचरते. रसावर शंका घेतली तर धर्मावर घेतल्यासारखे होईल, असे त्याला वाटते. विकणाऱ्याला तेवढेच हवे असते.

नोनीचेच उदाहरण घ्या. नाव परके वाटते, पण झाड आपल्याकडचेच आहे. मराठीत त्याला बारतोंडी किंवा आल म्हणतात. त्याच्या मुळांपासून निघणाऱ्या लाल रंगात एकेकाळी कापड रंगवले जाई. फळ पिकले की त्याला असा वास येतो की सहसा कुणी हौसेने खात नाही. हेच फळ १९९६ नंतर अमेरिकेच्या युटा राज्यातील एका कंपनीने ताहिती बेटांवरचा ठेवा म्हणून बाटलीत भरले आणि साखळी पद्धतीने जगभर विकले. १९९८ मध्ये ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सास या चार राज्यांनी तिच्या आरोग्यविषयक दाव्यांना हरकत घेतली. कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागले आणि पुराव्याशिवाय आजार बरे करण्याचे दावे न करण्याचे मान्य करावे लागले. पुढे युरोपीय संघाकडे विक्रीच्या परवानगीचा अर्ज आला. तिथल्या वैज्ञानिक समितीने २००२ मध्ये मत दिले की रस पिण्यास हरकत नाही, पण इतर फळांच्या रसांपेक्षा त्याचा काही विशेष फायदा होतो असा पुरावा नाही. म्हणजे परवानगी मिळाली ती साधा फळांचा रस म्हणून. आपल्याकडे मात्र तोच रस पत्रकावर शंभर रोगांचा काळ होऊन बसतो.

डाळिंबाची गोष्ट सोलापूरकरांनी तर जरूर ऐकावी. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये जन्नतमधल्या फळांत खजूर आणि डाळिंबाचा नावानिशी उल्लेख आहे. अशा फळाला मान मिळावा म्हणून खोट्या पत्रकाची गरज नाही. अमेरिकेत पॉम वंडरफुल नावाच्या कंपनीने डाळिंबाच्या रसाने हृदयविकार, प्रोस्टेटचा कर्करोग आणि पुरुषांची लैंगिक दुर्बलता यांवर फायदा होतो अशा जाहिराती केल्या. संशोधनावर कोट्यवधी डॉलर खर्च केल्याचेही ती सांगत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कागद तपासले आणि २०१३ मध्ये तिच्या ३६ जाहिराती फसव्या ठरवल्या. कंपनी न्यायालयात गेली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचाच निष्कर्ष उचलून धरला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

संशोधन होते, मग चुकले कुठे? प्रोस्टेटच्या ज्या अभ्यासाचा गाजावाजा झाला, त्यात रस न घेणाऱ्या रुग्णांचा गटच नव्हता. तुलनेला दुसरा गट नसेल, तर फरक रसाने पडला की आपोआप, हे कळणार कसे? सर्दी झालेल्या शंभर जणांना आठवडाभर नुसते कोमट पाणी दिले तरी बहुतेक जण बरे होतात. त्यावरून पाणी हे सर्दीचे औषध ठरत नाही. पत्रकावरचे ‘मला फरक पडला’ हे अनुभव असेच असतात. सांगणारा खोटे बोलतो असे नाही. पण तो त्याच काळात गोळ्याही घेत असतो, रोज्यामुळे जेवणही कमी झालेले असते, आणि ज्यांना फरक पडला नाही त्यांचे फोटो कुणी छापत नाही.

दुसरे हुकमी शब्द म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. अमुक रसात सफरचंदाच्या इतकी पट ताकद आहे, असे आकडे छापतात. हे आकडे परीक्षानळीत काढलेले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. तो २०१२ मध्ये मागे घेतला. कारणही सांगितले : या आकड्यांवरून माणसाच्या शरीरावर काय परिणाम होईल ते ठरत नाही, आणि कंपन्या विक्रीसाठी त्यांचा गैरवापर करतात.

यात नवल नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या हकिमाने आपल्या ‘कानून’ या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषध पुन्हा पुन्हा तोच परिणाम दाखवते का ते पाहावे आणि ते माणसाच्याच शरीरावर पारखावे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसले ते माणसाला लागू पडेलच असे नाही, असा त्याचा आग्रह होता. युनानीचे नाव घेऊन बाटली विकणाऱ्याने निदान युनानीतल्या या सर्वांत मोठ्या हकिमाचे तरी ऐकायला हवे.

‘फळच तर आहे, नुकसान काय होणार?’ असे पुष्कळ जण म्हणतात. नुकसान होऊ शकते. डाळिंबाच्या २०० मिलिलिटर रसात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. ती फळातलीच असली तरी रस काढताना चोथा मागे राहतो आणि साखर रक्तात झटकन उतरते. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते, आणि दिवसभरात अशी साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत असणे चांगले मानते. म्हणजे इफ्तारच्या एका पेल्यातच दिवसाचा हिशेब संपतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा धोका निराळा. त्यांना पोटॅशियम जपावे लागते. नोनीच्या रसात ते संत्र्याच्या रसाइतकेच असते. हा रस घेणाऱ्या अशा एका रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम वाढल्याची नोंद २००० साली अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. दुधीचा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली. तेव्हा आयसीएमआरच्या समितीला सांगावे लागले की रस कडू लागला तर तो फेकून द्या. दुधीही निसर्गातलीच.

आता श्रद्धेचा मुद्दा. ज्यांच्या नावाने ही बाटली विकली जाते, त्या पैगंबर हजरत मुहंमद यांच्या चरित्रात बाजारातला एक प्रसंग येतो. मदिनेच्या बाजारात धान्याचा ढीग पाहून त्यांनी आत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, बोटांना मात्र ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा पैगंबरांनी विचारले, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणारा आपल्यातला नाही, असेही बजावले. पत्रक म्हणजे वरचे कोरडे धान्य. आत हात घालून पाहणे यात धर्माचा अवमान नाही; ती तर त्यांनीच घालून दिलेली रीत आहे. आजारी पडल्यावर उपचार घ्या, असेही त्यांनी सांगितले आहे. कुरआनने आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करता येतात. ज्या धर्माने आजाऱ्यासाठी फर्ज असलेला रोजा बाजूला ठेवला, तो त्याला इन्सुलिन सोडून बाटली घे असे कसे सांगेल?

तरीही माणसे बाटली घेतात, आणि त्यांना भोळे म्हणून हसणे बरोबर नाही. सरकारी दवाखान्यात रांग असते, खासगी डॉक्टरांची फी असते, आणि ‘ही गोळी आता कायम घ्यायची’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या जिवाला लागते. बाटली विकणारा मात्र घरी येतो, शेजारी बसतो, अर्धा तास ऐकून घेतो. बहुधा तो परकाही नसतो. साखळीत अडकलेली खाला असते, भाभी असते, मित्राचा मुलगा असतो. तिने आधी स्वतःचे पैसे गुंतवलेले असतात, ते सुटावेत म्हणून ती नात्यातच फिरते. नाही म्हटले तर नाते दुखावते. अशा वेळी ‘सरबत म्हणून एक बाटली घेतो, गोळ्या मात्र चालू राहतील’ एवढे स्पष्ट बोलले तरी पुष्कळ झाले.

कायदाही गप्प नाही. औषधे व जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्दच काढायला लावले. पण कायदा पत्रकाच्या मागे आपोआप धावत नाही. पत्रक आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कुणीतरी जावे लागते. विक्रेता पावती द्यायला तयार नसेल, तर तेवढ्यावरूनच बरेच काही कळते. मशिदींच्या विश्वस्तांनी आणि मंदिरांच्या उत्सव समित्यांनीही आपल्या दारात कोणते टेबल लागते, यावर लक्ष ठेवायला हवे. दारात बसलेल्या मालाला लोक दाराची हमी समजतात.

रोजा सोडण्याची सुन्नत रीत फार स्वस्त आहे. खजूर, आणि तोही नसेल तर पाण्याचे दोन घोट. डाळिंब आवडत असेल तर ते सोलून, दाणे चावून खावे. बाटलीच्या पैशांत शेजाऱ्याच्या घरीही पाठवता येईल. ज्याला मधुमेह आहे त्याने त्याच पैशांतून रक्ताची ‘एचबीए१सी’ तपासणी करून घ्यावी. मागच्या तीन महिन्यांत साखर किती राहिली ते त्या एका आकड्यात कळते. पत्रक कितीही गोड बोलले तरी हा आकडा त्याच्या म्हणण्याने बदलत नाही.