वरून खरपूस, आतून?
मैत्रिणींनो, २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा आमच्याकडे चिकन बंदच झालं होतं. पण आपल्याच ओट्यावरचा धोका मला दिसला नाही. पुढे हौसेनं अख्खी कोंबडी भाजली. वरून खरपूस, मांडीच्या सांध्याशी कच्ची! दुसऱ्या दिवशी लेकीला उलट्या-जुलाब.

आता मी कच्ची कोंबडी नळाखाली धूत नाही. शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात. सुरी, हात साबणाने धुते. नुसत्या रंगावर विसंबत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसते. ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उतरवत नाही. थर्मामीटर नसेल, तर सरळ तुकडे करून रस्सा रटरटू द्या. पाहुण्यांपुढे मिरवण्यापेक्षा मुलांचं पोट महत्त्वाचं, नाही का?