धोका आंबवणीत की भेसळीत?

अहिल्यानगर - फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावर नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचा बळी घेतला. तपासाचे धागे ओढ्याकाठच्या एखाद्या हातभट्टीकडे नव्हे, तर चक्क जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोचले.

कायद्याचा रोख मात्र आंबवणीपासूनच सुरू होतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा असून, घरी हौसेने बिअर करणारा आणि गूळ-नवसागराचे रसायन लावणारा एकाच पंगतीत बसतात.

वस्तुतः बिअर हे संयमाचे काम. यीस्टची जात पारखून घ्यावी लागते. एल यीस्टला साधारण २० अंश तापमान मानवते, लागरला त्याहून थंडावा लागतो. पारा चाळिशीला टेकणाऱ्या नगरच्या उन्हाळ्यात हे फ्रीजविना कठीणच! तळाचा साका निर्जंतुक बरणीत थंड राखल्यास पुढच्या खेपेला विरजणासारखा वापरता येतो. बाटलीत भरताना थोडी साखर घातली की फेस धरतो. पण आंबणे पुरते थांबण्याआधीच झाकण लावल्यास बाटली फुटते.

जीव घेतो तो मिथेनॉल. धान्य आंबवताना तो नगण्य प्रमाणात तयार होतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. छाप्यांत रसायन ओतले जाते, भट्ट्या फुटतात. मिथेनॉलच्या पिंपांचा माग मात्र बहुधा माणसे मेल्यावरच काढला जातो.