लहान करायचं, तर आपल्या हाताने

बारशाचं डिजिटल स्क्रॅपबुक पान करायला दोन रात्री सहज जातात. फोटो निवडायचे, मागचा कागद ठरवायचा, कोपऱ्यात आजीच्या साडीच्या काठाचं स्कॅन लावायचं, खाली चार ओळी लिहायच्या. तेच पान ऑनलाइन टाकायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत पानाचं काय होतं, हे कोणी बघतच नाही. माझं भांडण या न बघण्याशी आहे.

आधी हिशोब करू. स्क्रॅपबुकचं रूढ पान १२ बाय १२ इंचांचं. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० × ३६००, म्हणजे जवळपास एक कोटी तीस लाख पिक्सेल. इन्स्टाग्रामसाठी ते १०८० × १०८० केलं की उरतात पावणेबारा लाखांच्या आत. दर अकरा पिक्सेलांमागे दहा गेले.

फोटोला हे झेपतं, चेहरा ओळखू येतो. मरतं ते अक्षर. मूळ पानावर १२ पॉइंटच्या अक्षराला ५० पिक्सेल मिळतात, छोट्या प्रतीत १५. सात सेंटीमीटर रुंद फोनवर ते तीन पॉइंटपेक्षाही बारीक दिसतं. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं तगेल. देवनागरीला वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. ठिपका पुसला गेला की ‘वंदन’चं ‘वदन’ होतं. म्हणजे फोटो पोहोचला, पण तुम्ही लिहिलेलं पोहोचलंच नाही.

यावर ‘वेबसाठी ७२ डीपीआयवर सेव्ह करा’ हा मंत्र अजून जपला जातो. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, त्या जमान्याचा हा आकडा. फाइलमध्ये तो नुसती छपाईची सूचना म्हणून असतो. पिक्सेल तेवढेच ठेवून फक्त हा आकडा बदललात, तर फोनवर तसूभरही फरक पडत नाही.

तुम्ही ठरवलं नाहीत, तर अ‍ॅप ठरवतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: डिफॉल्ट आभाळातून पडत नाही. साठवण आणि डेटा वाचावा म्हणून कोणीतरी तो ठरवलेला असतो. त्यात गैर काही नाही. पण ठरवताना त्याच्यासमोर तुमच्या आजीच्या साडीचा काठ नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं पान आकसतं. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, तरी तीही मूळ फाइल नव्हे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, तरच पान जसंच्या तसं जातं.

‘दोन सेकंद बघून पुढे सरकणाऱ्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?’ असं कोणीतरी म्हणेलच. अहो, पण बारशाच्या पानाचा खरा वाचक आज पाळण्यात आहे! वीस वर्षांनी त्याने ते पान मागितलं, तर १०८० पिक्सेलची प्रत द्यायची? ३०० पीपीआयने छापली तर ती ३.६ इंचांची होईल, तळहातावर मावेल एवढी. आणि लहान केलेली जेपेग मूळ फाइलवरच सेव्ह केली असेल, तर गेलेले पिक्सेल परत आणणारं बटण अजून कोणी लिहिलेलं नाही. एआय पोकळी भरेल, पण अंदाजाने. तो काठ मग तुमच्या आजीच्या साडीचा राहणार नाही.

म्हणून लहान करण्याआधी मूळ फाइलची दुसरी प्रत करा आणि तिला वेगळं नाव द्या. ऑनलाइनसाठी पान नुसतं आकसू नका, पुन्हा मांडा: पहिल्या चित्रात पूर्ण पान, दुसऱ्यात मजकूर मोठा करून, तिसऱ्यात तो काठ जवळून. टाकण्याआधी स्वतःच्या फोनवर, झूम न करता, वाचून बघा. वाचता येत नसेल, तर ते पान अजून तयार नाही.