आईचे दूध आणि कामाची जागा

मानवी दुधाची अनधिकृत प्रक्रिया व विक्री थांबवा, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने मे 2024 मध्ये दिला. आईचे दूध ही बाजारात विकायची वस्तू नव्हे, ही भूमिका योग्यच आहे. परंतु ज्या मातेला ते विकायचे नसून स्वतःच्याच बाळासाठी काढून ठेवायचे आहे, तिची सोय कोणी पाहायची, हा प्रश्न उरतोच.

रुग्णालयांनी आपल्या परीने मार्ग काढला आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात उभी राहिली. हैदराबादच्या निलोफर या सरकारी रुग्णालयातही 2017 पासून अशी पेढी आहे. तेथे दूध 62.5 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते व प्राधान्याने अपुऱ्या दिवसांच्या, आजारी अर्भकांना दिले जाते. मात्र निलोफरपासून फार दूर नसलेल्या हिमायतनगरच्या दुकानांत वा कचेऱ्यांत राबणाऱ्या मातेच्या सुदृढ बाळासाठी ही पेढी नाही. तिला आपली व्यवस्था आपणच लावावी लागते.

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा दिली. पाळणाघराची सक्ती मात्र पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे. गोव्यातील बहुसंख्य दुकाने, लहान हॉटेले व दवाखाने या मर्यादेबाहेर राहतात. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रजा संपते तेव्हा ही वाट अर्धीही झालेली नसते.

दूध साठवण्याचे शास्त्र अवघड नाही. हात स्वच्छ धुऊन, निर्जंतुक झाकणबंद भांड्यात दूध काढावे व त्यावर तारीख-वेळ लिहावी. 25 अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास, तर फ्रीजमध्ये 4 अंशांवर चार दिवस टिकते. भांडे फ्रीजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवावे. गोठवलेले दूध सहा महिन्यांत वापरणे उत्तम. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये. फ्रीजमध्ये वितळवल्यास ते चोवीस तासांत संपवावे. पाजण्यापूर्वी भांडे कोमट पाण्यात ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापते व बाळाचे तोंड पोळू शकते. पाजून उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. बाटली रोज उकळणे शक्य नसेल, तर वाटी-चमचा अधिक सुरक्षित.

यातील 25 अंशांची अट हैदराबादच्या उन्हाळ्यात किंवा गोव्याच्या दमट मे महिन्यात पाळता येत नाही. म्हणूनच फ्रीज, निदान बर्फाच्या पिशव्यांची थंड पेटी, ही येथे चैन नसून गरज आहे. कडी लागणारी एक खोली, हात धुण्याची सोय आणि फ्रीजचा एक कप्पा यांचा खर्च लहान आस्थापनेलाही झेपणारा आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान विश्रांती देण्याची तरतूद कायद्यात 1961 पासून आहे. त्या विश्रांतीला जागा मिळाली नाही, तर तो हक्क कागदावरच राहील.