शुद्धिपत्राची किंमत

मनुष्याच्या हातून घडणारी कोणतीही वस्तु सर्वथा निर्दोष असणें अशक्य आहे. जुनीं मराठी पुस्तकें उघडून पाहिलीं असतां आरंभीं किंवा शेवटीं बहुधा एक शुद्धिपत्र जोडलेलें आढळतें. अमुक पृष्ठावर, अमुक ओळींत अशुद्ध काय व शुद्ध काय, हें त्यांत प्रांजळपणें सांगितलेलें असतें. तें पाहून ग्रंथकर्त्याविषयींचा आपला आदर कमी होत नाहीं. उलट, हा गृहस्थ पुस्तक छापून झाल्यावरही आपलें लिखाण तपासून पाहतो, अशी आपली खात्री पटते. हाच न्याय संगणकाच्या चिपा तयार करणाऱ्या कारखानदारांसही लावावा, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

हा विषय येथें घेण्याचें कारण असें कीं, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्यें ‘इंटेल श्रेष्ठ कीं ए. एम. डी. श्रेष्ठ’ हा वाद मधल्या सुटींत मोठ्या हिरिरीनें चाललेला असतो. प्रत्येक पक्ष प्रतिपक्षाच्या कंपनीचे दोष तोंडपाठ म्हणून दाखवितो, आणि आपल्या कंपनीचे दोष मात्र सोयीस्करपणें विसरतो. वाद करणें वाईट नव्हे. पण त्याचा निकाल घरच्या पैशानें लागत असतो, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ घरांत संगणक ही चैनीची वस्तु नाहीं. सकाळच्या लोकलच्या गर्दींत उभ्यानें प्रवास करून मिळविलेल्या पगारांतून तो मुलांच्या शिक्षणासाठीं घेतला जातो, आणि त्याचे हप्ते वडील पुढें कित्येक महिने फेडीत असतात. अशा घरांत आलेली चिप सदोष निघाली तर कोणी काय करावें, हा वादासाठीं वाद नव्हे.

या बाबतींत सर्वांत बोधप्रद उदाहरण सन १९९४ चें आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत लिंचबर्ग कॉलेजांत टॉमस नाइसली नांवाचे गणिताचे प्राध्यापक होते. ११ व १३ किंवा १७ व १९ अशा, दोहोंच्या अंतरानें येणाऱ्या जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज ते अनेक संगणकांवर करीत होते. त्या वर्षीच्या जून महिन्यांत इंटेलच्या नव्या पेंटियम प्रोसेसरचें उत्तर इतर उत्तरांशीं जुळेना. आपलीच आज्ञावली चुकली असेल, यंत्राचा दुसरा एखादा भाग बिघडला असेल, असें एकेक कारण वगळीत ऑक्टोबरपर्यंत त्यांनीं दोष प्रोसेसरच्याच भागाकारांत आहे असें निश्चित केलें. त्यांनीं तें प्रथम कंपनीस कळविलें, आणि समाधान न झाल्यामुळें पुढें इतर विद्वानांस कळविलें.

हा दोष विद्यार्थ्यांस कागदावर पडताळून पाहतां येईल. ४१९५८३५ या संख्येस ३१४५७२७ नें भागिलें असतां उत्तर १.३३३८२० असें सुरू होतें. सदोष पेंटियम तें १.३३३७३९ असें देत असे. म्हणजे दशांशाच्या चवथ्याच स्थानीं चूक! भागाकार जलद व्हावा म्हणून त्या चिपेंत एक कोष्टक कोरलेलें होतें. त्यांतील १०६६ घरें भरावयाचीं होतीं. त्यांपैकीं पांच घरें चुकून रिकामीं राहिलीं. कारखान्यांतून बाहेर पडतांना चिपेची पुष्कळ परीक्षा झाली होती. पण त्या पांच घरांशीं जाणारा भागाकार क्वचितच येत असल्यामुळें परीक्षेंत ती चूक सांपडली नाहीं.

आतां कंपनीचें वर्तन पाहा. दोष तिला त्याच उन्हाळ्यांत स्वतःलाही आढळला होता. पण ग्राहकांस तो सांगावा इतका मोठा नाहीं, असें तिनें ठरविलें. बोभाटा झाल्यावरही, ज्यास अचूक गणिताची गरज आहे असें जो सिद्ध करील त्यासच चिप बदलून मिळेल, अशी अट तिनें घातली. सामान्य मनुष्यास ही चूक २७,००० वर्षांत एकदां भेटेल, असा इंटेलचा हिशेब होता. तर हिशेबाचीं कामें सतत करणाऱ्यास ती दर २४ दिवसांनीं भेटेल, असें आय. बी. एम. नें जाहीर केलें आणि पेंटियमचे संगणक पाठविणें थांबविलें. आय. बी. एम. स्वतः दुसऱ्या जातीची चिप करण्यांत भागीदार होती, हेंही येथें विसरूं नये. दोन्ही आंकडे स्वार्थाच्या तराजूंत तोललेले होते. शेवटीं २० डिसेंबर १९९४ रोजीं इंटेलनें कोणतीही अट न घालतां मागेल त्यास चिप बदलून देण्याचें कबूल केलें, आणि या प्रकरणापायीं ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा खर्च हिशेबीं धरला. हीच गोष्ट तिनें आरंभीं केली असती तर पैशाचा व्यय कदाचित् तितकाच झाला असता, पण पत गेली नसती. १९९१ पासून संगणकाच्या अंगावर आपलें नांव झळकवून ज्या गृहस्थास कंपनीनें आपला ग्राहक म्हणविलें, त्यासच दोषाच्या वेळीं ‘तुम्हांस गणिताची काय गरज?’ असें विचारणें शोभत नाहीं.

म्हणून प्रतिस्पर्धी निष्कलंक ठरतो काय? मुळींच नाहीं. ए. एम. डी. च्या १९९१ नंतरच्या वाढत्या नांवलौकिकासही डाग लागलेले आहेत. २००७ सालीं तिच्या फेनॉम चिपेंत स्मृतीचे पत्ते जपून ठेवणाऱ्या भागांत दोष निघाला. क्वचित् प्रसंगीं यंत्र गोठत असे, आणि त्यावर दिलेल्या उपायानें यंत्राची गति मंदावत असे. सुधारलेली चिप २००८ सालीं आली. पुढें २०२४ सालीं इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांत विजेचा दाब प्रमाणाबाहेर वाढून ते अकालीं जीर्ण होतात, असें उघडकीस आलें. कंपनीनें उपाय काढला व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. पण झालेली इजा त्या उपायानें भरून येत नाहीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ए. एम. डी. नें, पहिला माल आपल्या कसास उतरला नाहीं असें सांगून, रायझन ९००० या मालिकेची विक्री ऑगस्टवर ढकलली. विकल्यावर दोष झांकण्यापेक्षां विकण्यापूर्वीं लाज पत्करणें केव्हांही बरें.

या दोन कंपन्यांना देवदानवांप्रमाणें समोरासमोर उभें करणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पेंटियमच्या उभारणीचे एक प्रमुख धुरीण विनोद धाम हे आपल्या पुण्यास जन्मलेले. तेच पुढें १९९५ सालीं नेक्सजेन या कंपनींत गेले; ती ए. एम. डी. नें विकत घेतली, आणि तेथें पेंटियमशीं टक्कर देणारी के-६ ही चिप तयार झाली. एकाच मनुष्याची विद्या दोन्ही घरांस उपयोगी पडली. मग आपण मधल्या सुटींत कोणाचें निशाण मिरवावें?

कित्येक म्हणतील कीं, स्पर्धा असली म्हणजे गुण आपोआप वाढतो. हें अर्धेंच सत्य आहे. प्रतिस्पर्धी डोळ्यांत तेल घालून बसला असल्यामुळें दोष लपत नाहीं, हा स्पर्धेचा लाभ खरा. पण त्याच्या आधीं बाजारांत पोंचण्याच्या घाईनें परीक्षेचे दिवस कमी होतात, हा तोटाही तितकाच खरा. स्पर्धा कारखानदारास धांवावयास लावते. प्रामाणिक राहावयास लावीलच असें नाहीं. त्यासाठीं जागरूक ग्राहक लागतो.

आंब्याच्या मोसमांत पेटी फोडणारा व्यापारी मोठें फळ, लहान फळ व डागी फळ वेगवेगळें लावतो. चिपांच्या कारखान्यांतही असेंच चालतें. एका तबकडींतून निघालेल्या सर्व चिपा सारख्या नसतात. परीक्षा करून त्यांच्या प्रती लावल्या जातात. २००८ सालीं ए. एम. डी. नें चारांपैकीं एक गाभा बंद केलेली चिप तीन गाभ्यांची म्हणून उघडपणें, कमी किंमतीस विकली. यांत लबाडी नाहीं. डागी आंबा डागी म्हणून विकणें हा व्यापार आहे. हापूसच्या थराखालीं तो दडविणें ही फसवणूक आहे.

तेव्हां पालकांस विनंति एवढीच कीं, लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा गांवांतल्या दुकानांत संगणक घेतांना केवळ वेग व सवलत विचारूं नये. हमी किती वर्षांची, ती कंपनीची कीं दुकानदाराची, हें विचारावें व पक्कें बिल जपून ठेवावें. कंपन्या आपल्या चिपांचीं शुद्धिपत्रें आतां प्रसिद्ध करितात. तीं वाचण्याचें काम घरांतील शिकत्या मुलास सांगावें. दाद न मिळाल्यास ठाण्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक नांव सांगतों. डहाणूस जन्मलेले व ठाण्याच्या शाळेंत शिकलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीस शाळामास्तर होते. संख्यांचे गुणधर्म शोधण्याचा त्यांचा छंद पुष्कळांस निरुपयोगी वाटे. आज ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नांवानें ओळखली जाते. नाइसलींचा छंदही त्याच जातीचा होता. जुळ्या संख्यांच्या त्या ‘निरुपयोगी’ बेरजेनेंच एका बलाढ्य कंपनीची चूक पकडली. कारण एकाच यंत्रावर विश्वास न ठेवतां तें गणित दुसऱ्या यंत्रावर पडताळण्याची त्यांची शिस्त होती. यंत्रानें दिलेलें उत्तर ताळा केल्यावांचून वहींत उतरवूं नका. आणि स्वतःच्या वहींत चूक आढळली तर पान फाडूं नका. खालीं शुद्ध उत्तर लिहा.