सिद्धेश्वरहून हिशेब मांडा

अतिवृष्टीने मराठवाडा खरवडून निघाला. सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये 31 हजार 628 कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि सवलतींच्या यादीत ठरलेली ओळ आलीच: परीक्षा शुल्कात माफी. दुष्काळ असो की पूर, ही ओळ चुकत नाही. पिकाबरोबर माती वाहून गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला परीक्षेचे पैसे माफ! खोलीभाडे, मेस आणि एसटीचा पास कोण माफ करणार?

राज्यातली कोणती विद्यापीठे परवडतात, याचा हिशेब मंत्रालयात शुल्काचे तक्ते पाहून होतो. त्या तक्त्यात नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्वस्त दिसणारच. तोच हिशेब हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वरहून मांडा. इथल्या धरणाचे पाणी कालव्याने वसमतकडे जाते. इथल्या मुलाला त्याच वाटेने पुढे नांदेड गाठून खोली करावी लागते. अनुदानित बीएचे वर्षाचे शुल्क एका बाजूला आणि खोली-मेसचे दहा महिने दुसऱ्या बाजूला ठेवले, की शुल्क हा खर्चातला सर्वांत किरकोळ आकडा ठरतो. विद्यापीठ जवळ यावे म्हणून 1994 मध्ये नांदेडचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून वेगळे केले. हिंगोलीच्या वाट्याला त्यातले काय आले? एक न्यू मॉडेल डिग्री कॉलेज!

बीएऐवजी बीसीए घ्यायचे म्हटले तर हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. ज्या विषयाला अनुदान आहे त्यात नोकरी नाही आणि नोकरीची आशा आहे तिथे अनुदान नाही. विद्यापीठ तेच, सही-शिक्काही तोच. शुल्क मात्र कित्येक पट.

सरकार काहीच करत नाही, असे नाही. जुलै 2024 मध्ये 8 लाखांच्या उत्पन्न मर्यादेत मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हे चांगलेच झाले. पण माफी पुन्हा शुल्काचीच. राहण्या-खाण्यासाठी योजना आहेत, त्यांचे आकडे वाचावेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60 हजार, म्हणजे महिन्याला 5 हजार. तेवढ्यात पुण्यात खोली होते की जेवण, हे योजना आखणाऱ्यांनी एक महिना राहून सांगावे. शिवाय हे पैसे प्रवेशाच्या दिवशी हातात नसतात. अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज, आणि तोवर बाप सावकाराच्या ओट्यावर. सिद्धेश्वरच्या पोराला नांदेडची खोली हवी असते जूनमध्ये. शासनाला जाग येते मार्चअखेरीस.

आणि ‘सार्वजनिक’ विद्यापीठ कशाला म्हणायचे? छत्रपती संभाजीनगरचे राष्ट्रीय विधि विद्यापीठही राज्याच्याच कायद्याने उभे राहिले. तिथले वर्षाचे शुल्क लाखाच्या वर आहे. कोरडवाहू सोयाबीनवर जगणाऱ्या घराने तिथल्या प्रवेशाची जाहिरात नुसती वाचायची का? एकाच राज्याची, एकाच तिजोरीशी नाते सांगणारी विद्यापीठे, आणि कोणत्या दारात उभे राहायचे हे बापाचा सातबारा ठरवतो. शुल्क नियामक प्राधिकरण खासगी महाविद्यालयांचे हिशेब तपासते. सरकारी विद्यापीठात शिकायला मुलाच्या घराला एकूण किती खर्च येतो, हे तालुक्यानिहाय काढून विधिमंडळात मांडायला उच्च शिक्षण मंत्र्यांना कोणी अडवले आहे?