वार्धक्याची सावड

दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच तारखेला नगर हवेलीचे हे मुख्य गाव पोर्तुगीज अमलातून मोकळे झाले. दादरा त्याआधीच, जुलैच्या अखेरच्या आठवड्याच्या तोंडावर, स्वतंत्र झाले होते. आझाद गोमंतक दलाचे सैनिक, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते आणि महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक यांच्या त्या पराक्रमात सुधीर फडक्यांसारखा सुरांचा धनीही होता. गोव्याच्या मुक्तीला तेव्हा सात वर्षांचा अवकाश होता. म्हणून त्या चिमुकल्या मुलखाशी आम्हा गोमंतकीयांचे नाते केवळ नकाशावरचे नाही. पण त्या दिवशी जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. स्वातंत्र्याची पहाट पाहिलेल्या त्या पिढीची सायंकाळ कशी चालली आहे, हा प्रश्न ध्वजवंदनाच्या भाषणांत फारसा येत नाही. तो आज विचारावा असे आम्हांस वाटते.

मुक्तिदिन येतो तो पावसाच्या ऐन भरात, आवणीच्या दिवसांत. खानवेलपासून दुधनी, मांदोनीपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात वारली आणि कोकणा कुटुंबांची भातखाचरे याच सुमारास लावली जात असतात. चढावर नाचणी आणि वरई असते. शेती मुख्यतः एका पावसावरची, तुकडे लहान. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने पोर्तुगीज काळातील अल्वारा आणि तेरें या पद्धती कायद्याने मोडीत काढून कसणाऱ्याच्या नावावर जमीन लावण्याचा मार्ग खुला केला. ज्यांच्या नावावर ती लागली, ते आज वृद्ध आहेत. आणि त्यांच्या मुलांत, नातवंडांत तिची वाटणी होता होता हाती उरला आहे तो एखादा एकर, कोठे त्याहूनही कमी. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून मुलगा सिल्वासाच्या किंवा वापीच्या कारखान्यात पाळीवर जातो, सुटीच्या दिवशी नांगर धरतो, आणि सून खाचर, चूल, गुरे व अंथरुणावरचा सासरा अशा चार आघाड्यांवर एकटी उभी असते.

या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष का जात नाही, याचे एक कारण आकड्यांत दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा ८.६ होते, केरळात ते १२.६, आपल्या गोव्यात ११.२, आणि दादरा-नगर हवेलीत अवघे ४, म्हणजे साऱ्या देशात सर्वांत कमी. हा आकडा पाहून कोणीही अधिकारी म्हणेल, येथे वृद्धांचा प्रश्नच नाही. परंतु हा आकडा फसवा आहे. १९६१ मध्ये ५७ हजार ९६३ असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये ३ लाख ४३ हजार ७०९ झाली, ती काही घरोघरच्या पाळण्यांमुळे नव्हे. कारखान्यांच्या ओढीने परप्रांतांतून तरुण कामगार आले. त्यांचे म्हातारे आईबाप आपापल्या गावी राहिले. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया केवळ ७७४, हा त्याच जनगणनेतील आकडा त्या स्थलांतराची साक्ष देतो. आलेल्या तरुणांच्या गर्दीत इथले मूळचे वृद्ध गणिताने झाकले गेले. शेकडा चार म्हटले तरी ती चौदा हजारांच्या घरातली माणसे होतात. आणि ज्यांच्या मातीवर हा सारा व्यवहार उभा राहिला, त्यांतलीच बहुतेक ती आहेत.

आपल्या समाजाला आईबापांच्या सेवेचा आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. पुंडलिकाने साक्षात परब्रह्माला विटेवर तिष्ठत ठेवले, या कथेवर महाराष्ट्राचा अवघा भक्तिमार्ग उभा आहे. पण देव विटेवर उभा राहतो, आवणीला आलेले रोप उभे राहत नाही. ठराविक दिवसांत ते खाचरात गेले नाही तर वर्षाचा भात गेला. आणि पाळी चुकली तर कंत्राटी कामगाराचा रोज गेला. अशा वेळी झोपडीत एकटी राहिलेली, विसराळूपणामुळे वाट चुकणारी आई ओढ्याकडे निघाली तर तिला कोणी अडवावे? मुलगा शेतावर गेला तर तो कृतघ्न ठरत नाही, आणि घरी बसला तर तो आईचाच घास हिरावतो. पुंडलिकाचे दाखले देऊन त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहून दिवसाचे चोवीस तास वाटून दाखवणे कठीण आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण यांसाठीचा कायदा २००७ साली झाला. न्यायाधिकरणाकडे दाद मागून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी त्याखाली मिळू शकते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली जमीन, मुलाने ती अट मोडल्यास, परत मिळवण्याची सोयही त्यात आहे. आणि जमीन नावावर केली की आपले काय होईल, या धास्तीत असणाऱ्या म्हाताऱ्याला हा आधार लहान नाही. पण या कायद्याचे गृहीतकच असे आहे की मुलाजवळ ऐपत आहे, मात्र दानत नाही. आम्ही ज्या घरांविषयी बोलत आहो, तेथे नेमके उलट आहे: दानत आहे, ऐपत नाही. त्या मुलाला न्यायाधिकरणापुढे उभे करून आईच्या वाट्याला काय येणार? कायदा कृतघ्नाला शिक्षा करू शकतो. थकलेल्याला हात देऊ शकत नाही.

निवृत्तिवेतनाचीही तीच कथा. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या योजनेत केंद्राचा वाटा साठीनंतर महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये आहे. स्थानिक प्रशासने त्यात आपली भर घालतात. पण दोनशे रुपये हा आकडा आजच्या बाजारात सन्मानाचा म्हणता येणार नाही. दवाखान्यांच्या बाबतीत सिल्वासा भाग्यवान आहे. तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मार्च २०२५ मध्ये ४५० खाटांच्या नव्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षणही आहे. तथापि वार्धक्याची गरज बहुधा खाटेची नसते. कूस बदलून देणारा, अंग पुसणारा, वेळेवर गोळी देणारा, जखम धुणारा हात ही ती गरज असते. आणि तो हात रुग्णालयाच्या भव्य दारातून डोंगरातल्या पाड्यापर्यंत पोहोचत नाही.

केरळने या बाबतीत वाट दाखवली आहे. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी दुर्धर रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम सुरू केले. त्यातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, आणि २००८ मध्ये राज्याने धोरणच स्वीकारून पंचायतींच्या द्वारे परिचारिका घरी जाण्याची व्यवस्था केली. परिचारिका ठरल्या दिवशी येते, घरच्यांना शुश्रूषा शिकवते, शेजाऱ्यांना कामाला लावते. त्यासाठी संगमरवरी इमारत लागली नाही. दादरा-नगर हवेलीसारख्या लहान प्रदेशात हे करणे केरळाहून सोपे आहे.

दुसरी गोष्ट कारखानदारांची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्या कार्यांच्या यादीत वृद्धांसाठी दिवसभराच्या निवाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. करसवलतींच्या छायेत सिल्वासाच्या परिसरात गेल्या काही दशकांत कारखानदारी वाढली. आवणीच्या जुलै-ऑगस्टात आणि कापणीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाड्यापाड्यावर दिवसाचा निवारा चालवणे, जेथे म्हातारी माणसे सकाळी सोडावीत आणि सायंकाळी घरी न्यावीत, हा त्या दोन टक्क्यांचा सर्वांत सार्थ विनियोग ठरेल. त्याच दिवसांत स्थानिक कामगारांना पाळी बदलून देण्याचे औदार्यही कारखान्यांनी दाखवावे. त्याला पैसाही लागत नाही.

मात्र सारा भार सरकार आणि कंपन्या यांच्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. शेतीत एकमेकांच्या खाचरात आळीपाळीने राबण्याची सावड आपल्या खेड्यांना परकी नाही. आज तुझे शेत, उद्या माझे, हा तिचा साधा हिशेब. तीच सावड वार्धक्याच्या सेवेला का लावू नये? आज एका घरची आवणी असेल तर शेजारीण त्या घरच्या म्हातारीजवळ बसेल. परवा तिची पाळी. भावाभावांतही हा हिशेब व्हावा. शहरात गेलेला भाऊ महिन्याला पैसे पाठवतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. पण रात्रीची जागरणे पैशांत मोडता येत नाहीत. वर्षातले पंधरा दिवस त्याने गावी येऊन वडिलांच्या उशाशी बसावे आणि भावजयीला विसावा द्यावा. सेवा ही सुनेची नैसर्गिक जबाबदारी आहे, हा सोयीचा समज आता टाकून दिला पाहिजे. आईबाप ज्याचे, सेवा त्याची; सून करते तो तिचा मोठेपणा आहे, आपला हक्क नव्हे.

हे सारे सिल्वासापुरते आहे असे गोव्यातल्या वाचकाने मानू नये. तेथे तरुण पाळीवर असतो, येथे तो आखातात किंवा युरोपात असतो. तेथे झोपडी, येथे वाडा. दाराशी वाट पाहणारे डोळे मात्र सारखेच. देशाचे सरासरी आयुष्य वाढले याचा आम्हांला अभिमान आहे. पण वाढलेली वर्षे कोणाच्या आधाराने जगायची, याचे उत्तर अद्याप आपण दिलेले नाही. पोर्तुगीजांच्या जोखडातून ज्यांना मुक्त केले, त्यांना एकाकीपणाच्या जोखडाखाली सोडून देणे मुक्तिदिनाला शोभणारे नाही. पुढच्या २ ऑगस्टच्या भाषणात सिल्वासाच्या प्रशासनाने एखाद्या नव्या इमारतीऐवजी पाड्यावर जाणाऱ्या परिचारिकांची संख्या सांगावी. त्या दिवसाचा तोच खरा सन्मान होईल.